ॲल्युमिनियमच्या लेझर पीनिंगसाठी अबॅकस: ताणाचा हिशेब कितपत भरवशाचा?

लेझर पीनिंग केलेल्या, म्हणजे लेझरच्या आघातांनी पृष्ठभाग दाबून टिकाऊ केलेल्या, ॲल्युमिनियमच्या भागात नेमका किती अवशिष्ट ताण उरला आहे, तो किती खोलवर आहे आणि त्याच्या बदल्यात ओढीचा ताण कुठे जाऊन बसला आहे, हे आधीच सांगू शकणाऱ्या सॉफ्टवेअरांत अबॅकसचे नाव संशोधन-निबंधांतून सर्वांत जास्त वेळा समोर येते. हे परीक्षण फक्त त्या एका कामापुरते आहे. अबॅकस पुलाच्या किंवा टायरच्या विश्लेषणाला कसे आहे याच्याशी इथे कर्तव्य नाही. माझे मत आरंभीच सांगतो. याचे गणित करणारे इंजिन अव्वल दर्जाचे आहे, पण त्याला दाबाचा आणि धातूच्या वागणुकीचा जो शिधा द्यावा तोच ते इमाने शिजवते, आणि या विषयात तो शिधाच संशयास्पद असतो. म्हणून ज्यांच्याकडे ताण मोजण्याची स्वतःची किंवा उसनी सोय आहे त्यांनी ते जरूर घ्यावे. मोजणी टाळता यावी म्हणून ज्यांना ते हवे आहे त्यांनी घेऊ नये.

प्रक्रियेची ओळख थोडक्यात. धातूच्या पृष्ठभागावर काळा रंग किंवा ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावतात, त्यावरून एक-दोन मिलिमीटर जाडीचा पाण्याचा पातळ प्रवाह सोडतात आणि वरून साधारण १० ते ३० नॅनोसेकंदांची लेझरची पल्स मारतात. पट्टीचा वरचा थर क्षणार्धात प्लाझ्मा होतो, पाण्यामुळे त्या प्लाझ्माला वर पळायला वाट मिळत नाही, आणि काही गिगापास्कलांचा दाब धातूत आघात-तरंग बनून शिरतो. हा तरंग जिथवर धातूला यील्ड करतो, म्हणजे त्याचा आकार कायमचा बदलतो, तिथवरचा थर बाजूंना पसरू पाहतो, भोवतालचा धातू त्याला पसरू देत नाही, आणि त्या थरात दाबाचा ताण कायमचा उरतो. नेहमीच्या शॉट पीनिंगने हा थर मिलिमीटरच्या दोन-तीन दशांशांपर्यंत जातो. लेझरने एक मिलिमीटर किंवा त्याहून खोल जाऊ शकतो. ओहायोतील बॅटेल संस्थेत १९७०च्या दशकात या तंत्राचा पाया घातला गेला आणि १९९०च्या दशकात बी-१बी बॉम्बर विमानाच्या एफ१०१ इंजिनाच्या पंख्याची पाती टिकवण्यासाठी ते प्रत्यक्ष वापरात आले. अलीकडे, २०२०पासून, एफ-३५बी विमानांच्या सांगाड्यावरही अमेरिकी नौदलाच्या चेरी पॉइंट येथील केंद्रात ही प्रक्रिया होते. आपल्याकडे इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राने स्प्रिंगच्या पोलादावर केलेले काम जाणकारांना ठाऊक असेल.

अबॅकसची मूळ कंपनी १९७८ साली हिबिट, कार्लसन आणि सोरेनसन या तिघांनी अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात काढली. २००५मध्ये ती फ्रान्सच्या दसॉ सिस्टीम्सकडे गेली. याच दसॉचे मोठे विकासकेंद्र पुण्यात हिंजवडीला आहे, त्यामुळे मराठी अभियंत्यांना हे घराणे परके नाही. आपल्या कामाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही, की अबॅकसमध्ये दोन सॉल्व्हर, म्हणजे गणित सोडवणारी दोन इंजिने, एकाच छताखाली आहेत. आघात-तरंगासारख्या अतिवेगवान घटनेसाठी एक्सप्लिसिट आणि तरंग विरून गेल्यानंतर धातू शांतपणे समतोलाला कसा येतो हे पाहण्यासाठी स्टँडर्ड. एकातून दुसऱ्यात ताण, विकृती आणि बदललेला आकार जसाच्या तसा नेता येतो. ब्रेस्टेड आणि ब्रॉकमन यांनी १९९९मध्ये लेझर पीनिंगच्या सिम्युलेशनसाठी नेमका हाच दोन टप्प्यांचा मार्ग मांडला होता, आणि आजही बहुतेक जण थोड्याफार फरकाने त्याच वाटेने जातात.

एका स्पॉटचा नमुना उभा करणे हे नवख्यालाही जमते. अबॅकसला एककांशी देणेघेणे नसते; मिलिमीटर, न्यूटन, सेकंद आणि टन अशी जोडी ठरवली की ॲल्युमिनियमची घनता २.७७ गुणिले १० चा उणे नववा घात अशी भरावी लागते, आणि इथे एका शून्याची चूक झाली तरी प्रोग्रॅम हूं की चूं करत नाही. मेश, म्हणजे भागाचे एलिमेंट नावाच्या लहान तुकड्यांत पाडलेले जाळे, किती बारीक हवी हे मात्र अंदाजाने ठरवू नये. ॲल्युमिनियममध्ये अनुदैर्घ्य तरंग सेकंदाला सुमारे ६,२५० मीटर वेगाने जातो. पृष्ठभागावरचा दाब ५० नॅनोसेकंद टिकला असे धरले, तर धातूत शिरलेल्या तरंगाची लांबी जेमतेम ०.३ मिलिमीटर भरते. खोलीच्या दिशेने ५० मायक्रॉनचे एलिमेंट घेतले तर हा तरंग सहा एलिमेंटांत बसवावा लागतो आणि त्याचा माथा बोथट होतो. २० मायक्रॉनचे घेतले तर पंधरा एलिमेंट मिळतात आणि चित्र नीट उमटते. गणिताची एक पायरी तेव्हा साधारण ३ नॅनोसेकंदांची होते, म्हणजे दहा मायक्रोसेकंदांच्या घटनेला तीन हजारांवर पायऱ्या, आणि आजच्या साध्या वर्कस्टेशनलाही हे ओझे वाटत नाही. पत्रा दाबण्याच्या सिम्युलेशनमध्ये वेळ वाचवण्यासाठी वस्तुमान कृत्रिमरीत्या वाढवण्याची जी युक्ती सर्रास वापरतात, ती इथे चुकूनही वापरू नये, कारण तरंगाचा वेग हाच इथला मूळ विषय आहे आणि त्या युक्तीने नेमका तोच बदलतो. कडांवरून तरंग खोटा परत येऊ नये म्हणून दिलेले इनफायनाइट एलिमेंट उत्तम काम करतात. आघाताचा माथा खडखडू नये म्हणून घातलेल्या कृत्रिम स्निग्धतेचे मूळ आकडे, रेषीय ०.०६ आणि वर्गीय १.२, मी बदलत नाही. ते वाढवले की चित्र गुळगुळीत दिसते, पण तरंगाची खरी धारही त्यात घासली जाते.

आता दाबाबद्दल. अबॅकसमध्ये लेझर नाही, प्लाझ्मा नाही, पाणीही नाही. आहे तो फक्त पृष्ठभागावर काळानुसार बदलणारा दाब, आणि तो वापरणाऱ्याने द्यायचा असतो. त्यासाठी बहुतेक जण रेमी फाब्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०मध्ये मांडलेले सूत्र घेतात, ज्यात दाब हा लेझरच्या तीव्रतेच्या वर्गमुळाच्या, पाणी आणि धातू यांच्या एकत्रित आघात-रोधाच्या वर्गमुळाच्या आणि आल्फा नावाच्या एका गुणांकाच्या आधारे निघतो. प्लाझ्मात गेलेल्या ऊर्जेपैकी किती वाटा त्याच्या उष्णतेचा, म्हणजे पर्यायाने दाबाचा, हे तो आल्फा सांगतो. आणि तो सरळ मोजता येत नसल्यामुळे ०.१ ते ०.२च्या आसपास काहीतरी धरला जातो. हे ‘काहीतरी’ किती महाग पडते ते पाहा. तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला ४ गिगावॅट, वर पाणी आणि खाली ॲल्युमिनियम असे धरून मी हिशेब मांडला, तर आल्फा ०.१ असताना दाब १.९ गिगापास्कल येतो आणि ०.२ असताना २.६. म्हणजे एका न मोजलेल्या आकड्यापायी दाबात पस्तीस टक्क्यांहून जास्त तफावत. शिवाय तीव्रता वाढवत नेली की एका मर्यादेपुढे पाण्यातच प्लाझ्मा तयार होतो आणि दाब वाढायचा थांबतो. सूत्राला याचा पत्ता नसतो, ते वर्गमुळाने वाढतच राहते. अबॅकसवर याचा दोष नाही, हे खरे. पण माहितीपत्रकातली लाल-निळी चित्रे पाहून प्रोग्रॅमला सगळे कळते असा ग्रह होतो, म्हणून हे स्पष्ट सांगणे भाग आहे.

धातूच्या वागणुकीची गोष्ट याहून नाजूक आहे. आघाताच्या वेळी विकृतीचा वेग, म्हणजे धातूचा आकार बदलण्याचा वेग, सेकंदाला दहा लाखांच्या घरात असतो, आणि हॉपकिन्सन बार या वेगवान आघाताच्या ज्या चाचणीतून धातूचे आकडे येतात ती चाचणी हजाराच्या, फार तर दहा हजारांच्या घरात थांबते. मधली दरी जॉन्सन-कुकचे सूत्र लॉगरिदमच्या सरळ रेषेने भरून काढते. अबॅकसमध्ये हे सूत्र तयार मिळते आणि पाच-सहा आकडे भरले की काम सुरू होते, ही मोठी सोय आहे. अडचण आकडे कुणाचे घ्यावेत ही आहे. विमानांत वर्षानुवर्षे वापरल्या जाणाऱ्या २०२४-टी३५१ या एकाच मिश्रधातूसाठी निबंधांत दोन संच सारख्याच विश्वासाने वापरलेले दिसतात. एकात यील्डचा मूळ आकडा २६५ मेगापास्कल आणि वेगाचा गुणांक ०.०१५, दुसऱ्यात ३५२ आणि ०.००८३. सेकंदाला दहा लाख या वेगाला पहिल्याप्रमाणे यील्ड ३२० मेगापास्कल येते, दुसऱ्याप्रमाणे ३९२. आघातात धातूला बाजूंना हलायला जागा नसल्यामुळे यील्ड व्हायला लागणारा दाब ॲल्युमिनियमसाठी याच्या जवळजवळ दुप्पट असतो. त्याला ह्यूगोनियो मर्यादा म्हणतात. ती पहिल्या संचाने ६३० मेगापास्कल निघते आणि दुसऱ्याने ७७३. या मर्यादेच्या दोन ते अडीच पट दाब देणे सर्वांत फायद्याचे ठरते हा आडाखा ॲल्युमिनियमवर काम करणाऱ्यांना पाठ असतो. मग लेझर किती तीव्रतेला लावायचा हा कारखान्यातला अगदी व्यवहारी प्रश्न तुम्ही कोणता संच निवडला यावर अवलंबून राहतो. मी दोन्ही संचांनी गणित करतो आणि अहवालात एक रेघ न काढता एक पट्टा दाखवतो. ग्राहकाला पट्टा आवडत नाही, पण खरे तेच आहे.

जॉन्सन-कुकची दुसरी उणीव ॲल्युमिनियममध्ये विशेष जाणवते. गोल स्पॉटच्या कडेवरून निघालेले तरंग सगळ्या बाजूंनी एकाच वेळी मध्यभागी येऊन भिडतात आणि तिथला नुकताच दाबलेला धातू उलट्या दिशेने यील्ड करतात, त्यामुळे स्पॉटच्या बरोबर मध्यभागी दाबाचा ताण अचानक घटतो, कधी तो ओढीकडेही झुकतो. हा प्रकार अबॅकसच्या ॲनिमेशनमध्ये इतका सुरेख दिसतो, की विद्यार्थ्यांना चौकोनी स्पॉट का वापरतात हे फळ्यावर समजावण्यापेक्षा मी ते सरळ पडद्यावर दाखवतो. पण घट नेमकी किती, हे सांगताना सूत्र कच्चे पडते. एकदा एका दिशेने यील्ड झालेला धातू उलट्या दिशेने लवकर यील्ड होतो, याला बाउशिंगर परिणाम म्हणतात आणि २०२४ या मिश्रधातूत तो चांगलाच जाणवतो. जॉन्सन-कुक मात्र धातू सर्व दिशांना सारखाच कठीण झाला असे मानते आणि म्हणून दाबाचा ताण जरा फुगवून सांगते. वेगाचा परिणाम आणि बाउशिंगर हे दोन्ही एकत्र हवे असतील तर व्हीयूमॅट नावाचा स्वतःचा सबरूटिन (अबॅकसला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) फोरट्रान भाषेत लिहिणे हा रूढ मार्ग आहे. तो लिहिता येतो हे अबॅकसचे बलस्थान आहे. लिहावा लागतो ही अडचणही आहे.

एका स्पॉटवरून अनेक स्पॉटांवर गेलो की कामाचे स्वरूप पालटते. प्रत्यक्षात स्पॉट एकमेकांवर चढवत रांगांनी मारतात आणि वर दुसरा-तिसरा थर देतात. दाब कुठे आणि कधी लावायचा हे सांगण्यासाठी व्हीडीलोड सबरूटिन लिहावा लागतो, त्यासाठी योग्य आवृत्तीचा फोरट्रान कंपायलर संगणकावर हवा, आणि अबॅकस, कंपायलर आणि व्हिज्युअल स्टुडिओ या तिघांचे सूत जुळवणे ही नव्या माणसाची खरी पहिली परीक्षा ठरते. प्रत्येक स्पॉटनंतर स्टँडर्डमध्ये जाऊन समतोल साधायचा की दोन स्पॉटांमध्ये कृत्रिम डॅम्पिंग घालून तरंग मारून टाकायचे, हा प्रत्येकाच्या पसंतीचा भाग आहे. मी दुसरा मार्ग घेतो, कारण त्यात वेळ कितीतरी वाचतो आणि अखेरच्या ताणात फारसा फरक पडत नाही. शंभर स्पॉट झाले की पायऱ्यांची संख्या तीन लाखांवर जाते, तेव्हा गणित डबल प्रिसिजनमध्येच करावे. ही सगळी यातायात पायथन स्क्रिप्टने करून घेता येते ही फार मोलाची सोय आहे. मात्र २०२४च्या आवृत्तीपासून अबॅकस पायथन ३वर गेले, त्यामुळे आधीच्या विद्यार्थ्यांनी मागे ठेवलेल्या जुन्या स्क्रिप्ट एकदा दुरुस्त कराव्या लागतात.

पातळ पत्र्याबद्दल एक सावधगिरी. दोन मिलिमीटरच्या पत्र्यात तरंग ०.३२ मायक्रोसेकंदात मागच्या बाजूला पोहोचतो, तिथून ओढीचा तरंग होऊन परततो आणि वाटेत आधी केलेले काम काही अंशी पुसतो. मागे पाणी आहे, पोलादाचा ठोकळा आहे की मोकळी हवा, यावर निकाल फिरतो. नमुन्यात मागचा आधार नीट दाखवला नाही तर उत्तर केवळ आकड्यांनी नव्हे, चिन्हानेही चुकू शकते. शिवाय पत्रा वाकतो, आणि वाकल्याने पृष्ठभागावरचा दाबाचा ताण आणखी उतरतो. एक्सप्लिसिटच्या टप्प्यावर थांबून अहवाल लिहिणाऱ्यांना हे दिसतच नाही.

पडताळणीत अबॅकस स्वतः फारशी मदत करत नाही, पण अडवतही नाही. भोक पाडून ताण मोजण्याच्या एएसटीएम ई८३७ या पद्धतीत साधारण दोन मिलिमीटर व्यासाचे भोक ०.०५ मिलिमीटरच्या वीस पायऱ्यांनी एक मिलिमीटर खोलीपर्यंत नेतात. म्हणजे मोजलेला आकडा तेवढ्या गोलातली सरासरी असतो. अनेक निबंधांत मात्र नमुन्यातल्या एका नोडखालची (मेशच्या एका बिंदूखालची) रेघ घेऊन ती मोजमापाशी जुळवलेली दिसते, आणि स्पॉटच्या मध्याचा नोड घेतला की कडेचा, यावर जुळणी सुंदर किंवा भयंकर येते. अबॅकसच्या ओडीबी या निकालांच्या फाइलमधून त्याच व्यासाच्या चकतीतली सरासरी काढणारी वीस-पंचवीस ओळींची स्क्रिप्ट लिहून ठेवावी. ती लिहिल्यावर जुळणी बहुधा बिघडते, पण मग तिच्यावर विश्वास ठेवता येतो. आणखी एक: टी३५१मधल्या ‘५१’चा अर्थ प्लेट क्वेंच केल्यावर (तापवून झटकन थंड केल्यावर) ताणून तिचा आधीचा ताण घालवलेला आहे असा असतो, त्यामुळे सुरुवातीचा ताण शून्य धरणे चालून जाते. ७०७५-टी६चे फोर्जिंग असेल तर क्वेंचिंगचा ताण आत ठाण मांडून बसलेला असतो आणि तो सुरुवातीलाच नमुन्यात भरावा लागतो. अबॅकसमध्ये त्याची सोय आहे, पण ती वापरायची आठवण आपली आपण ठेवायची.

मला अबॅकस सर्वांत उपयोगी पडते ते मात्र आघाताच्या गणितात नव्हे, त्यानंतरच्या एका साध्या वाटणाऱ्या युक्तीत. लहान नमुन्यावर पीनिंग करून ताण मोजायचा, त्यावरून प्रत्येक खोलीवर धातू किती कायमचा पसरला आहे, म्हणजे आयगनस्ट्रेन किती आहे, हे काढायचे, आणि मग मोठ्या भागाच्या नमुन्यात तोच पसारा दिशेनुसार वेगळ्या उष्मा-प्रसरण गुणांकांच्या रूपाने भरून तापमान एका अंशाने वाढवायचे. साधे स्थितिक गणित, काही मिनिटांचा खेळ, आणि गुंतागुंतीच्या आकाराच्या अख्ख्या भागातला ताण, त्याचे वाकणे आणि ओढीचा ताण कुठे साठला हे सगळे एकत्र मिळते. दाबाचा आल्फा नको, जॉन्सन-कुकचे वाद नकोत. ज्याबद्दल खात्री नाही ते सगळे एका मोजमापात गुंडाळले जाते. धारदार कोपऱ्यापाशी आणि फार पातळ भागात हा पसारा जसाच्या तसा लागू पडत नाही, तिथे पुन्हा पूर्ण आघाताचे गणित करावे लागते. पण उरलेल्या भागासाठी मी हाच मार्ग सुचवतो, आणि प्रसरण गुणांक, फील्ड व्हेरिएबल आणि सुरुवातीच्या अटी ज्या लवचिकपणे अबॅकस एकत्र बांधू देते तेवढ्यासाठीही त्याचे लायसन्स वसूल होते.

लायसन्सबद्दल. पारंपरिक टोकन पद्धतीत एका कोअरला ५ टोकन लागतात, ८ कोअरला १२ आणि १६ कोअरला १६. म्हणजे ८वर थांबण्यापेक्षा १६वर जाणे सोयीचे, कारण कोअर दुप्पट होतात आणि टोकन फक्त चार वाढतात. लहान कंपनीला एवढी टोकन बाळगणे जड जाते. एका विक्रेत्याकडे घेतलेल्या प्रशिक्षणात तीन दिवस ब्रॅकेट वाकवण्यात गेले आणि व्हीडीलोडचा प्रश्न विचारताच ‘मॅन्युअलमध्ये आहे’ असे उत्तर मिळाले. तेव्हा प्रशिक्षणाचे पैसे मोजण्याआधी अभ्यासक्रमात एक्सप्लिसिट आणि सबरूटिन आहेत का, हे लेखी विचारून घ्यावे. अन्सिस कंपनीचे एलएस-डायना हा तुल्यबळ पर्याय आहे आणि आघाताच्या गणितात तो कुठेही कमी नाही. ज्यांच्याकडे अन्सिसचे लायसन्स आधीच आहे त्यांनी केवळ या कामासाठी अबॅकस घेऊ नये. फुकटचा पर्याय हवा असेल तर कॅल्क्युलिक्सची इनपुट फाइल अबॅकससारखीच असते, आणि आयगनस्ट्रेनच्या स्थितिक गणिताला ते पुरेसे आहे.

विद्यार्थ्यांसाठी असलेली अबॅकसची मोफत आवृत्ती एक हजार नोडांवर थांबते. त्रिमितीत तेवढ्यात काही होत नाही, पण एका गोल स्पॉटचा अक्ष-सममित नमुना, पृष्ठभागाजवळ बारीक आणि खाली विरळ होत जाणारी मेश घेऊन, त्यात बसतो. ज्याला हा विषय जमतो का ते पाहायचे आहे त्याने तिथून सुरुवात करावी आणि आल्फा ०.१ व ०.२ असे दोन्ही टाकून दोन आलेख एकावर एक काढून पाहावेत.